सोबतीचा चहा

डॉक्टर ज्ञानदानं गोळी वाढवायला पेन उचललं, तसा मंदाकिनीनं टेबलाखाली श्यामरावांचा हात घट्ट धरला. मागच्या वेळी गोळी वाढली, तेव्हा ती न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडली होती.

अंगावर उठलेली नागीण केव्हाच सुकली होती. डाव्या खांद्यातली आग मात्र राहिली. तिथं नुसता पदर टेकला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. म्हणून गाऊन. म्हणून घरातच.

"काकू, चहा किती घेता?"

"दोनच. सकाळी अन् संध्याकाळी."

"चहानं या गोळीचा असर कमी होऊ शकतो. नक्की नाही सांगता येत. पण दोनच असतील, तर मग गोळीच वाढवू."

श्यामरावांनीही मान हलवली. दोनच. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून घरातला चहा तेच करत.

नवी, जास्त ताकदीची गोळी घेऊन दोघं घरी पोचले, तर शेजारची कुसुम दारातच.

"का बोले डॉक्टर, दीदी?"

श्यामरावांनी आधण ठेवलं. कुसुमला कपभर, मंदाकिनीला अर्धा. पाहुण्याला एकट्यानं कसं पिऊ द्यायचं?

कुसुम गेली. भनपुरीहून श्यामरावांचा मित्र देवीदास आला.

अर्धा.

वरच्या मजल्यावरची विनोदिनी.

अर्धाच.

कप विसळता विसळता श्यामराव थबकले. नळ तसाच वाहत राहिला.

"मंदा, हे कोणाचे कप व्हय?"

"कुसुमचा, देवीदासचा, अन् हा विनोदिनीचा."

"अन् तू पिऊन राहिली तो?"

"तो काय चहा हाय? तो सोबतीचा."

श्यामराव हसले. मग हसायचे थांबले आणि त्यांनी डॉक्टरला फोन लावला.

पलीकडून ज्ञानदाही हसली. "नवी गोळी राहू द्या, काका. जुनीच चालू ठेवा. सोबतीचा हळूहळू कमी करा, एकदम तोडू नका. मग बघू."

सोबत मोडायची नव्हती. कुंडीतला गवती चहा खुडून श्यामराव त्याचं नुसतंच पाणी उकळू लागले. चहाच्या भुकटीशिवाय.

"म्हशीचा चारा पाजून राहिले मले," मंदाकिनी पाहुण्यांना सांगायची. प्यायची मात्र.

आग कधी कमी व्हायची, कधी तेवढीच. श्यामराव विचारायचे. मग विचारायचे बंद झाले.

एका दुपारी फाटक वाजलं.

"वहिनी, हाय का घरात?"

देवीदास. मंदाकिनीनं खुंटीवरची ओढणी ओढली, गाऊनवर टाकली आणि लगबगीनं निघाली.

श्यामराव गाळणी हातात धरून बघत राहिले. ओढणी दोन्ही खांद्यांवर होती. आता ती झटकेल. आता.

"माहा अर्धाच ठेवजा हो, चाऱ्याचा!" दारातून आवाज आला. "अन् तुम्ही आत या ना, देवीदासजी, उन्हात काहून उभे?"

डाव्या खांद्यावरची ओढणी तशीच होती. तिच्या भांड्यात श्यामरावांनी आणखी एक पात खुडून टाकली.