मापाची निघाले म्हणून वाचले

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, मी उघडी आहे. आमच्या मैदानावर बंदूक बिजागरीतून उघडून, वाकवून हातावर घ्यायची रीत आहे. आत काडतूस नाही हे लांबून कुणालाही दिसायला हवं. आणि आधीच सांगते, मी जन्मात एकही जीव मारलेला नाही. नारिंगी रंगाची, बशीएवढी चकती यंत्रातून हवेत उडते, ती छर्र्यांनी फोडायची, एवढंच माझं काम. जर्मन लोक त्या चकतीला कबूतर म्हणतात. अशी कबुतरं मात्र मी किती फोडली ते विचारू नका.

थुरिंगियाच्या डोंगरात झूल नावाचं गाव आहे, तिथली मी. चौऱ्याहत्तर सालचा जन्म. एकीवर एक अशा दोन नळ्या, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि त्या दस्त्याच्या डाव्या अंगाला एक काळी शीर, तीच माझी ओळखीची खूण. तेव्हा देश दोन होते. मी पूर्वेकडं जन्मले आणि विकायला पश्चिमेकडं पाठवली गेले.

ओडनवाल्डच्या पायथ्याशी एका खेड्यात अल्ब्रेख्ट केसलर नावाचा सुतार होता. त्यानं मला बायकोसाठी घेतलं. हॅनेलोरं तिचं नाव, उंची जेमतेम पाच फूट. पहिल्याच आठवड्यात अल्ब्रेख्टच्या लक्षात आलं की दस्ता तिच्या खांद्यात मावतच नाही. त्यानं तिचा हात कोपरात दुमडला, कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं आणि माझ्या दस्त्याचे सरळ तीन सेंटिमीटर करवतीनं उतरवले. लोक म्हणतात मला कापली. मी म्हणते, बेतली. त्या दिवसापासून मी एकाच अंगाची झाले.

अठ्ठेचाळीस वर्षं हॅनेलोरंनं मला दर शनिवारी चालवलं. काम झालं की पुसायची, तेलाचा हात फिरवायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही, अल्ब्रेख्टलासुद्धा विचारावं लागे. मग अल्ब्रेख्ट गेला. पाठोपाठ तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बंदूक बंद करायला सांगितली. तिनं परवाना परत केला आणि मला डार्मश्टाटच्या ग्योट्झ यांच्या दुकानात विकायला ठेवलं. निरोप घेताना माझ्या काळ्या शिरेवरून अंगठा फिरवला आणि गेली.

दुकानात मला वाटलं, आठवड्यात गिऱ्हाईक लागेल. का वाटू नये? माझी बिजागरी अजून घट्ट, नळीला एक पोचा नाही, चाप लोण्यासारखा. पण यायचे ते सहा-सहा फुटी बाप्ये. मला खांद्याला लावायचे आणि हसायचे. एक जण म्हणाला, ही तर पोराटोरांची बंदूक. दस्त्याला जोड लावून लांब करता येतं, पण तो खर्च माझ्या किमतीपेक्षा जास्त. ग्योट्झनी आधी मला मागच्या रांगेत नेलं, मग तळघरात. मी मनाशी म्हणत होते, उंच माणसांचा का राग करायचा, बुटकी माणसं जगात काय कमी आहेत?

अडीच वर्षांनी, गेल्या जूनमध्ये ती आली. ऊर्मिला सबनीस. लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात केमिस्ट, वय सत्तेचाळीस, उंची हॅनेलोरंएवढीच. बरोबर नवरा मोहन, हायडेलबर्गला सॉफ्टवेअरमध्ये, आणि पंधरा वर्षांची अन्वी, आईपेक्षा वीतभर उंच. ऊर्मिलानं हॅनेलोरंच्याच नेमबाजी क्लबात वर्षभर क्लबची बंदूक घेऊन सराव केला होता, परीक्षा दिली होती, पिवळं परवानापत्र मिळवलं होतं. आता स्वतःची पहिली बंदूक घ्यायची होती, आणि तीही बेताच्या पैशात.

"बेताच्या पैशात म्हणाल तर खाली एक आहे," ग्योट्झ म्हणाले आणि मला वर घेऊन आले. "फ्राउ सबनीस, डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा."

तिनं डोळे उघडले आणि नळीच्या टोकावरचा माझा पांढरा मणी थेट तिच्या नजरेसमोर आला. मान वाकवावी लागली नाही, गाल ताणावा लागला नाही. तिनं पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. दर वेळी मणी मधोमध. मी तर मनातल्या मनात अंगणात रांगोळी घातली.

"मोहन, ही बसतेय रे."

मोहन वाईट माणूस नाही, पण आठ दिवस इंटरनेटवर बंदुकांचे व्हिडिओ बघून आला होता. त्यानं मला हातात घेतलं, स्वतःच्या खांद्याला लावलं आणि मान हलवली. "अगं ऊर्मी, ही केवढीशी आहे! आणि पन्नास वर्षांची म्हातारी." हे मी ऐकून घेतलं. "वर ती नवीकोरी आहे बघ. आपल्या बजेटातच येतेय. गॅरंटी आहे, नळीच्या तोंडात बसवायचे पाच चोक आहेत, पेटीसुद्धा मिळतेय. जरा लांब आहे, पण असू दे की. उद्या अन्वी मोठी झाली की तीच वापरेल. वाढत्या अंगाचीच घेऊ."

इथंच घोळ झाला. शाळेचा गणवेश, पावसाळी बूट, सायकल, सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचं, हे त्या दोघांच्या हाडीमासी मुरलेलं. ऊर्मिलाला ते पटलंही. अन्वी मागं मोबाइल बघत उभी होती. ती म्हणाली, "मम्मा, इश विल दास गार निश्ट." मला हे नकोच आहे, असं पोरगी स्वच्छ सांगत होती. कुणी लक्ष दिलं नाही. ग्योट्झ म्हणाले, "आल्झो, दस्ता लांब पडेल हं. कापून देऊ का?" तर मोहन म्हणाला, कापली की पुन्हा विकली जाणार नाही. नवी बंदूक पेटीतून घरी गेली. मी तळघरात.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण खात्री होती. म्हटलं, येशील बाई, थंडीची जाड जाकिटं निघू देत, मग कळेल दस्ता केवढा लांब पडतो ते.

पण माझ्याकडं थंडीपर्यंत वेळ नव्हता. ऑगस्टमध्ये ग्योट्झनी दुकान बंद करायचं ठरवलं. जी विकली जाणार नाही ती बंदूक सप्टेंबरअखेर सरकारी ऑफिसात जमा, तिथून भट्टीत. मालकाची संमती हवी म्हणून त्यांनी हॅनेलोरंला पत्र पाठवलं. चार दिवसांत सही होऊन परत आलं. ग्योट्झनी माझ्या दोन नळ्यांमध्ये त्याची घडी खोचली, म्हणून मला ठाऊक. तिची सही मी अठ्ठेचाळीस वर्षं क्लबच्या वहीत बघितली होती. मला फार वाईट वाटलं. चाप अडकला असता, नळी फुटली असती तर समजू शकले असते. मी धडधाकट होते.

आता पुढचं मी नंतर ऊर्मिला आणि हॅनेलोरं या दोघींच्या तोंडून ऐकलं, आणि दोघी ते इतक्यांदा सांगतात की मला पाठ झालंय.

उन्हाळाभर ऊर्मिला नव्या बंदुकीशी झटत होती. दस्ता काखेत अडकायचा. तो सोडवेपर्यंत चकती निम्मं आकाश कापून गेलेली. मग घाईत खांद्याऐवजी दंडावर टेकवायची आणि धक्का तिथं बसायचा. क्लबच्या बंदुकीनं ती पंचविसातल्या चौदा-पंधरा फोडत होती, स्वतःच्या बंदुकीनं आठ-नऊवर आली. तिला वाटलं, दोष आपलाच. आपलं वय झालं, आपल्याला जमणार नाही. घरी दंडावरचा काळानिळा डाग लांब बाह्यांखाली झाकायची. मोहननं विचारलं तर म्हणायची, मस्त चाललंय. दोघांनी मिळून घेतलेली वस्तू चुकली, हे कुणी आधी म्हणायचं?

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी ती सहा फोडून क्लबच्या कँटीनमध्ये आली. क्लबच्या सदस्यत्वाचा राजीनामा खिशात होता. कँटीन सांभाळायची हॅनेलोरं. मैदान सुटलं, पण क्लब तिला सुटला नव्हता. तिनं बघितलं की ऊर्मिला कॉफीचा कप डाव्या हातानं उचलतेय.

"दंड दाखव."

"काही नाही, फ्राउ केसलर."

"दाखव म्हटलं ना."

बाही वर गेली. हॅनेलोरंनं ऊर्मिलाचा हात कोपरात दुमडला, स्वतःचा हात शेजारी दुमडून धरला. दोन्ही हात अगदी सारखे. हॅनेलोरं खुर्ची ओढून समोर बसली.

"तू ग्योट्झकडं काळ्या शिरेची बंदूक बघितली होतीस?"

"बघितली होती. ती बसत होती मला."

"मग घेतली का नाहीस?"

ऊर्मिलानं वाढत्या अंगाची भानगड सांगितली. जर्मनमध्ये ते सांगताना तिलाच ते कसंतरी वाटलं. हॅनेलोरं हसली नाही. म्हणाली, "मी तिच्या मरणाच्या कागदावर सही केलीय. मला वाटलं, माझ्याएवढं कुणी येणार नाही."

सोमवारी सकाळी मला लाकडी खोक्यात आडवी ठेवलेली होती. वर गाडीचा आवाज आला, मग जिन्यावर पावलं. एक पाऊल मी झोपेतसुद्धा ओळखलं असतं.

ग्योट्झ म्हणत होते, "फ्राउ केसलर, यादी ऑफिसात गेलीय. उद्या ते न्यायला येतील. तुमची सही आहे यावर."

"गेनाऊ, बरोबर. माझी सही, माझी बंदूक." हॅनेलोरंनं माझ्या नळ्यांतून तो कागद ओढला, ग्योट्झच्या खिशातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या नावावर आडवी रेघ मारली. "ऑफिसला फोन लावा. सांगा, म्हातारीनं मत बदललं."

ग्योट्झ अर्धा तास फोनवर होते. मी खोक्यात श्वास रोखून पडले होते, म्हणजे बंदूक जितपत रोखू शकते तितपत. शेवटी ते म्हणाले, "यादीतून काढली. पण आजच्या आज नव्या नावावर चढवायला हवी."

हॅनेलोरंला पैसे नको होते. ऊर्मिला ऐकेना. म्हणाली, आमच्यात सुरी, विळी, शस्त्र फुकट घेत नाहीत, मैत्री तुटते. हॅनेलोरं म्हणाली, आमच्यातही. मग ऊर्मिलानं तिच्या तळहातावर सव्वा युरो ठेवला.

"वरचे पंचवीस सेंट कशाला?"

"आमच्याकडं शुभकामाला पूर्ण आकडा चालत नाही."

मोहन त्या संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसला. ऊर्मिलानं बाही वर करून डाग दाखवला होता. "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "चूक माझी होती."

"दोघांची. मी खांद्याला लावली होती ना? मला कळत होतं."

नवी बंदूक दुकान बंद व्हायच्या आत ग्योट्झकडं परत गेली. दुसऱ्याच दिवशी एका उंच विद्यार्थ्यानं ती नेली. तिच्यात खोट काही नव्हती हो, ती फक्त दुसऱ्या कुणाची होती.

तीन दिवसांनी दसरा. दरवर्षी सबनिसांकडं लॅपटॉप आणि गाडीची किल्ली पाटावर असते. यंदा मध्ये मी, उघडी. ऊर्मिलानं गंध लावलं, अन्वीनं झेंडूचं फूल माझ्या बिजागरीत ठेवलं. पाकळ्या आत गेल्या, त्या काढायला पुढं तासभर लागला, पण शोभत होतं मला. मोहननं पोरीला विचारलं, "अन्वी, तुला शिकायचंय का नेमबाजी?" पहिल्यांदाच विचारलं. अन्वी नकाराची मान हलवत म्हणाली, "नाइन, पापा." आणि मग मराठीत, जरा अडखळत, "मला गिटार पाहिजे. माझ्या साइजची."

आता मी लुडविग्सहाफेनला तिसऱ्या मजल्यावर, पोलादी कपाटात असते. अंधार असतो, पण कोरडं आहे. शनिवारी मैदान. पहिल्या शनिवारी ऊर्मिलानं सतरा फोडल्या, मागच्या वेळी एकोणीस. इथले सगळे चकती मागताना "हॉप" ओरडतात. ती "सोड" म्हणते. यंत्राला आवाज लागतो, भाषा लागत नाही, चकती येते.

कुणी पहिली बंदूक घ्यायला निघालंच, तर या म्हातारीचं ऐका. चकाकी बघू नका, पेटी बघू नका. डोळे मिटा, खांद्याला लावा, उघडा. मणी समोर दिसला तर पन्नास वर्षांची असली तरी घ्या. आणि दुसऱ्या कुणासाठी म्हणून स्वतःच्या अंगावर दुखणं घेऊ नका.

मागच्या शनिवारी चोवीस चकत्या झाल्यावर ऊर्मिला थांबली. तिनं मला उघडं केलं आणि मागं उभ्या असलेल्या हॅनेलोरंच्या हातात दिलं. "आत काही नाही," ती म्हणाली. "फक्त लावून बघा."

हॅनेलोरंनं मला बंद केलं, डोळे मिटले आणि त्या दुखऱ्या खांद्याला टेकवलं. मी जितकी हलकी होता येईल तितकी झाले. तिनं डोळे उघडले.

"अजून बसते," ती म्हणाली.

मग तिनं मला उघडलं, काळ्या शिरेवरून अंगठा फिरवला आणि परत ऊर्मिलाच्या हातावर ठेवलं. ऊर्मिलानं काडतूस भरलं, मला बंद केलं, पण तोंड उघडायच्या आत मागून हॅनेलोरंच ओरडली, "सोड!"

चकती निघाली. पंचविसावी. आम्ही फोडली.