सराटा म्हणजे गोखरू

“नाव राहू द्या डॉक्टर, समोर काय दिसतंय ते सांगा,” क्षमा म्हणाली. फोन तिने खांद्याने कानाशी दाबून धरला होता आणि दोन्ही हात कळफलकावर ठेवले होते.

पलीकडे, वडूजच्या पुढे एका माळावर पल्लवी उभी होती. सरकारी दवाखान्यातली जनावरांची डॉक्टर. भर मे महिन्यातलं दुपारचं ऊन, आणि समोर आकाराम धनगराचा दीडशे मेंढ्यांचा कळप. त्यातल्या निम्म्या मेंढ्यांची तोंडं सुजून भोपळ्यासारखी झाली होती. काही माना टाकून पडल्या होत्या, दोन सकाळीच गेल्या होत्या.

“मला आधी नीलजिव्हा रोग वाटला,” पल्लवी सांगत होती, “त्यात असंच तोंड सुजतं. पण अंगात ताप नाही हो. तोंडात फोड नाहीत. उलट डोळे पिवळे झालेत. आणि कानांची कातडी भाजल्यासारखी. नमुने पुण्याला पाठवलेत, पण निकाल यायला वेळ लागणार. तोवर इथं काय उरेल कुणास ठाऊक. तुमच्या साइटवर शोधलं मी, ‘मेंढी तोंड सूज’ असं. काहीच आलं नाही. म्हणून फोन केला.”

“बरं केलंत. थांबा जरा, आपण मिळून शोधू.”

क्षमा सांगलीतल्या शेतकी ग्रंथालयात सूचीचं काम बघायची. शेती आणि जनावरांवरची पुस्तकं, जुनी मासिकं, पुस्तिका, विद्यार्थ्यांचे प्रबंध असं सगळं तिथे होतं. ती माधवनगरच्या गिरणीतल्या एका फिटरची मुलगी. कॉलेज संपल्या संपल्या इथे चिकटली ती चिकटलीच. आधी ती कार्डं लिहायची. नंतर कॉम्प्युटर आले तेव्हा तीच सगळी कार्डं तिने एकेक करून आत भरली. बोटं दुखायची, चष्म्याचा नंबर वाढला, पण काम पुरं झालं. सूची इंटरनेटवर गेली त्या दिवशी अध्यक्षांनी नारळ फोडला, पेढे वाटले.

आणि मग कुणालाच काही सापडेना.

पुस्तकं होती, नोंदी होत्या, पण माणसं शोधायची आणि पडद्यावर ‘नोंद उपलब्ध नाही’ एवढंच यायचं. क्षमाच्या ते जिवाला लागलं. साइट तयार करणारा निमिष विश्रामबागेत राहायचा. तिने त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, “लोक काय टाइप करतात आणि हात हलवत परत जातात, ते सगळं मला बघायचंय.”

त्याने तशी सोय करून दिली. रोज सकाळी आल्या आल्या, चहा घेत घेत, ती ते वाचायची. कुणी लिहिलेलं असायचं, ‘म्हस गाभण ऱ्हात न्हाई’. ग्रंथालयात त्यावर उत्तम पुस्तक होतं, पण त्याचं नाव होतं ‘म्हशींमधील वंध्यत्व’. महाबळेश्वरकडून कुणीतरी ‘स्टॉबेरी कुजती’ असं विचारलेलं असायचं, आणि पुस्तिकेवर छापलेलं असायचं ‘स्ट्रॉबेरीवरील बुरशीजन्य रोग’. विचारणारा आणि पुस्तक एकमेकांच्या दारासमोरून जायचे आणि भेट व्हायची नाही.

निमिष म्हणाला होता, “ताई, शुद्धलेखन तपासायची सोय टाकतो. चुकलं की लाल करू.”

“अरे पण चुकलंय कोण? त्याची म्हैस गाभण राहत नाही, आणि तो तेच म्हणतोय.”

निमिष हुशार होता, पटलं की लगेच कामाला लागणारा. दोघांनी मिळून शब्दांच्या जोड्या लावायला घेतल्या. म्हस, म्हैस, म्हशी. गाभण, गर्भधारणा. ऱ्हस्व-दीर्घ कसंही लिहा, एकच धरायचं. पहिल्या खेपेला दोघांनी उत्साहाच्या भरात एवढ्या जोड्या लावल्या की पार घोळ झाला. ‘ताप’ला त्यांनी ऊन, उष्णता, ज्वर सगळं जोडून टाकलं होतं. म्हशीच्या तापाबद्दल विचारणाऱ्या कवलापूरच्या एका माणसाला कॉम्प्युटरने बेदाणा वाळवायच्या शेडची माहिती दिली. तो गृहस्थ तावातावाने ग्रंथालयात येऊन विचारून गेला की म्हैस वाळवायची आहे का? अध्यक्ष वैतागले. “सूची म्हणजे काय बाजार आहे का? जे शुद्ध, प्रमाण, तेच ठेवा,” म्हणाले. क्षमाने चूक कबूल केली, पण जोड्या काढल्या नाहीत. शब्द कशाच्या शेजारी आलाय ते बघून अर्थ धरायचा, असं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. निमिषने त्याचे जादा पैसे मागितले नाहीत, आणि तिने सुट्ट्या घेतल्या नाहीत.

ते काम अजून अर्धंमुर्धंच झालं होतं, आणि मेंढ्यांपर्यंत तर ती पोचलीच नव्हती.

तिने ‘मेंढी’, ‘मेंढ्या’, ‘शेळ्या-मेंढ्या’, इंग्रजीतलं ‘शीप’ असं सगळं ‘किंवा’ घालून एका ओळीत मांडलं. दुसऱ्या ओळीत सूज. भाराभर नोंदी आल्या. मग एकेक खूण जोडत गेली. पिवळे डोळे म्हणजे कावीळ. ती घातल्यावर यादी आटली. तरी त्यात जंतांवरचीच पुस्तकं जास्त.

“डॉक्टर, मेंढ्या आत्ता काय करतायत?”

“काही नाही हो. एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या आहेत.”

“म्हणजे सावली शोधतायत?”

पल्लवीने पुन्हा नीट पाहिलं. “हो. खरंच की. सावलीच शोधतायत.”

क्षमाने सुजेचा शब्द काढला आणि त्या जागी ऊन घातलं. एक जुनी पुस्तिका वर आली. घाणेरी खाल्लेल्या गुरांची कातडी उन्हाने भाजते, असा तिचा विषय होता. तिने तो वाचून दाखवला.

“दिशा बरोबर आहे!” पल्लवीचा आवाज चढला. “वनस्पतीच्या विषाने यकृत बिघडतं, मग ऊन सोसत नाही. पण या माळावर घाणेरी नाही हो. चहूकडे बघतेय मी.”

“मग काय खाल्लंय त्यांनी? मेंढ्या कुणाच्या आहेत? त्यांना द्या बरं फोन.”

फोन आकारामच्या हातात गेला. साठीचा माणूस, आवाज बसलेला.

“आवं ताई, खायाला हाय काय हितं? मागल्या आटवड्यात वळीव येऊन गेला, तवा सराटं तेवढं उगावलं. पुन्यांदा ऊन पडलं, त्ये बी सुकाय लागलं. आमी म्हनलं, खाऊंदेत, तेवढाच पोटाला आधार. आमचं वाडवडील चारत आल्यात की सराटं. कवा काय झालं न्हाई.”

“सराटं म्हणजे ते काटेवालं? पायात घुसतं ते?”

“व्हय, त्येच त्ये.”

तिने ‘सराटं’ घातलं. काही नाही. ‘सराटा’ घातलं, तर भुईमुगातल्या तणांवरची एक पुस्तिका आली. मेंढ्यांचं नाव नाही. “याला आणखी काय म्हणतात?” तिने विचारलं. मागून पल्लवी ओरडली, “गोखरू! औषधात गोखरू म्हणतात!” गोखरू घातल्यावर मुतखड्यावरच्या औषधांची रांग लागली. पण त्याच नोंदींमध्ये झाडाचं शास्त्रीय नाव होतं. क्षमाने ते उचललं, तिन्ही नावं ‘किंवा’ने बांधली आणि पुढे ‘आणि’ घालून मेंढ्या जोडल्या.

एकच नोंद आली. पशुवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याचा इंग्रजी प्रबंध, दुष्काळी भागातल्या मेंढ्यांवर. तिने स्वतःच्या हाताने भरलेली ती नोंद होती आणि आजवर कुणी मागितली नव्हती.

ती पळतच माडीवर गेली. प्रबंध काढला, धूळसुद्धा न झटकता पानं चाळली आणि फोटो काढून पाठवत गेली. पलीकडे एकेक पान उघडून पल्लवी वाचत होती.

“हेच आहे,” ती शेवटी म्हणाली. “पाऊस पडून गेल्यावर सुकत चाललेला सराटा. सुजलेलं डोकं, पिवळे डोळे, सगळं तेच लिहिलंय. क्षमाताई, यावर असं खास औषध नाही. सराट्यातून बाहेर काढायचं आणि उन्हापासून लपवायचं. वेळेवर केलं तर पुष्कळशा वाचतात.”

तेवढ्यात आकारामचा आवाज आला. “सावली? आवं बाई, ह्या माळावर मानसाला सावली न्हाई. मी दीडशे मेंढरांस्नी कुठनं आनू?”

सावली कुठल्याच सूचीत नव्हती. पण पल्लवी हा फोन चालू ठेवूनच आकारामच्या फोनवरून गावातल्या मंडपवाल्याशी बोलायला लागल्याचं क्षमाला ऐकू आलं. लग्नसराई होती, मंडपवाला कुरकुरत होता. “कोंडीबा, आरं लग्न उद्याच्याला हाय न्हवं? आज कापड दे गड्या,” आकाराम कळवळून म्हणत होता. मग फोन कट झाला.

संध्याकाळी एक फोटो आला. लाल-पिवळ्या झालरीच्या मंडपाखाली मेंढ्या दाटीवाटीने उभ्या होत्या. क्षमाने तो निमिषला दाखवला. तो हसला, आणि मग खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला.

“ताई, एवढ्या शब्दांना आपण दोघं काही पुरे पडायचो नाही,” तो म्हणाला. “काही सापडलं नाही की आपलं पान ‘उपलब्ध नाही’ म्हणून दार लावतं. त्याऐवजी तुम्ही विचारलंत तसं त्याने विचारायला हवं. याला तुमच्याकडे आणखी काय म्हणतात? काय दिसतंय? आणि टाइप करता येत नसेल तर बोलून सांगा.”

“करता येईल?”

“केल्याशिवाय कसं कळणार?”

महिन्याभरात ते पान तयार झालं. अध्यक्षांनी स्वतः बोलून बघितलं, आणि ‘प्रमाण’ हा शब्द त्यानंतर काढला नाही. माणदेशातून, जतकडून शब्द येऊ लागले. त्यात कानडी होते, धनगरी होते, क्षमाने जन्मात न ऐकलेले होते. ती प्रत्येक शब्द पडताळायची, फोन करून विचारायची, मगच आत घ्यायची.

दिवाळीनंतर पल्लवीने तिला वडूजला बोलावून घेतलं. आकारामचा कळप काढणी झालेल्या एका रानात बसला होता. अकरा मेंढ्या गेल्या होत्या. त्याच्या बायकोने, धोंडुबाईने, कांबळ्यावर बसवून दुधाचा चहा दिला. पलीकडे एक मेंढी चरत होती. तिचे दोन्ही कान टोकाकडून झडून गेले होते, अर्धेच उरले होते.

“हिला ऐकू येतं का?” क्षमाने विचारलं.

“येतंय की. हाळी मारून बगा,” धोंडुबाई म्हणाली.

क्षमाने हाक मारली. ये ये केलं, च्यक् च्यक् केलं. मेंढीने ढुंकूनही बघितलं नाही. धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसली.

“तसं न्हवं बाई. हुर्रर्र म्हना. घशातनं. आनि शेवट जरा वर उचला.”

क्षमाने घसा खाकरला. आजूबाजूला कुणी बघतंय का ते पाहिलं, आणि पुन्हा हाक दिली. जमली नाही. तिसऱ्यांदा दिली.

मेंढीने चरायचं थांबवलं, मान वर केली आणि ते अर्धे कान तिच्या दिशेने वळवले.