ऑप्शनला टाकलेला धडा

मित्रांनो, वडवणीतल्या एका सहकारी दूध संघाच्या गोदामात, पेंडीच्या पोत्यांना टेकून पडलेला मी एक जुना संगणक आहे. पडद्यावर पालींनी घाण केली आहे. अर्धी बटणं उंदरांनी नेली. तक्रार नाही, पण लई थकलोय. एवढं एक सांगितल्याशिवाय मात्र भंगारात जायचं नाही, असं ठरवलंय.

कारखान्यात आम्ही हजारो सारखेच जन्मलो. मला ओळख मिळाली ती इथं. संघाने सभासदांच्या घरच्यांसाठी संगणकाचा वर्ग काढला, तेव्हा मला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. चेअरमन सुंदररावांनी भाषणात मला विकासाची गंगा म्हटलं. गावात तेव्हा नळाला बावीस दिवसांनी पाणी येत होतं!

शिकवायला सिद्धेश्वर सर होते. माणूस वाईट नव्हता, नुसता घाईतला होता. पुस्तकातला शेवटचा धडा होता 'संगणक वापरणाऱ्याची जबाबदारी'. सर दर बॅचला सांगायचे, "हा ऑप्शनला टाका. पाचच मार्काचा हाय." सगळे खुशीनं टाकायचे.

माझ्यापुढं रतनबाई बसायची. तिशीतली, तळहातावर कोयत्याचे घट्टे. तिची टोळी ऊस तोडायला गेली होती आणि ही एकटी मागं राहिली होती. प्रमाणपत्र मिळालं तर संघात ऑपरेटरची जागा मिळणार होती. नाही मिळालं तर पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा ट्रकात बसायचं. बटणाला बोट लावण्याआधी ती पदराला हात पुसायची. एवढा मान मला सुंदररावांनीही दिला नाही.

त्या साली पावसानं दगा दिला. संघाने सभासदांच्या वस्त्यांना टँकर द्यायचं ठरवलं. घरांची यादी हाताने लिहिलेल्या रजिस्टरात होती. सरांनी पानांच्या झेरॉक्स काढून वर्गात वाटल्या. प्रॅक्टिकलही झालं आणि संघाचं काम फुकटात झालं. रतनबाईच्या पानावर वस्तीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या नुसत्या खुणा होत्या. वस्तीचं नाव आधीच्या पानावर राहिलं होतं, आणि ते पान दुसऱ्याकडं होतं.

"सर, वर म्हंजी कुठली वस्ती?"

"जसं हाय तसं मार. तुला टायपिंगला बसवलंय, चौकशीला न्हाई."

तिने मारलं. एकवीस घरं, एकवीस खुणा. सरांनी यादी वस्तीवार लावली. खुणांची घरं तळाला एका ढिगात पडली. सरांनी तो ढीग कचरा समजून उडवला. ती घरं होती म्हाळूच्या वस्तीवरची. यादीत त्या वस्तीचं आधीच्या पानातलं एकच घर उरलं, आणि दहा घरांच्या आत टँकर द्यायचा नाही, असा संघाचा ठराव होता.

आठ दिवसांनी त्या वस्तीवरची मुक्ताबाई वर्गात आली. सत्तरीची म्हातारी, उन्हातनं पायी आलेली. रिकामा हंडा तिने सरांच्या टेबलावरच आदळला.

"मास्तर, टँकर आमच्या तोंडावर धुरळा उडवीत म्होरं जातो. कावून? डायवर म्हनतो, तुमची वस्ती एका घराची हाय. तरनी समदी उसाला गेल्यात. आमी म्हातारी अन् लेकरं हिरीतला गाळ फडक्यानं गाळून पितोय. आमी काय मेलोय?"

"मावशी, कॉम्प्युटरची चूक हाय."

"मंग बलीव त्याला भाईर!"

वर्ग हसला. माझ्यावर आळ आला होता आणि मला तोंड नव्हतं. तेवढ्यात रतनबाई उभी राहिली.

"सर, त्यानं न्हाई केलं. मला समजत नव्हतं, तरी मी मारलं. अन् ती घरं तुमी उडवली."

"गप बस. सर्टिफिकेटवर सही माझीच हाय, ध्यानात ठेव."

"असू द्या की," ती म्हणाली, आणि तिने मुक्ताबाईला ओढून शेजारच्या खुर्चीत बसवलं. "सांगा आज्जी, एकेक घर."

"धोंडीराम लिव्ह. न्हाई गं, त्यो गेला मागल्या साली. त्याची छबुबाई लिव्ह. तिला दिसत न्हाई, पर पानी लागतंय."

रतनबाईने एकवीस घरं पुन्हा भरली आणि कागद स्वतः सुंदररावांच्या हातात दिला. चूक कुणाकुणाची, तेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी टँकर म्हाळूच्या वस्तीवर थांबला.

प्रमाणपत्रावर सही झाली नाही. ऑपरेटर म्हणून सुंदररावांचा भाचा बसला; त्यानेही तो धडा ऑप्शनलाच टाकला होता. दसरा झाला तशी रतनबाई कोयता घेऊन ट्रकात चढली. पुढच्या वर्षी वर्ग बंद पडला आणि मी गोदामात आलो.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, माझ्या भाऊबंदांपुढं बसाल. त्यांची धूळ नाही पुसली तरी चालेल. पण कुणाचं पाणी तुटलं, तर कॉम्प्युटरची चूक म्हणून हात झटकू नका. आम्हाला काहीही भरवा, आम्ही मुकाट गिळतो. आम्हाला लाज नसते. ती तेवढी तुमच्याकडं आहे. ती जपा.