साडीच्या दुकानातला क्षीरसागर

बळीराम पेठेतल्या आमच्या साडीच्या दुकानात त्या पंधरवड्यात साडी सोडून सगळं होतं. पाचोऱ्याहून जीप भरून आलेल्या बायका सिल्कच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. जामनेरचे एक आबा काचेतल्या पुतळ्याला "सरका की ताई जरा" म्हणून विनवत होते. प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली होती आणि प्रत्येकाची मान एकाच दिशेला वळलेली होती. तिथे भिंतीत बसवलेली सहा फुटी काचेची टाकी होती.

"सहा वीस झाले!" कुणीतरी ओरडलं.

टाकीखालच्या कपाटातून घुर्रर्र असा आवाज आला. आणि शप्पथ सांगते, त्या निळ्या स्वच्छ पाण्यात वरून दूध उतरलं. आधी दोरीसारखं, मग ढगासारखं. आतले नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे घाबरून दगडामागे पळाले. माणसं मात्र पुढे धावली.

"बोला, क्षीरेश्वरबाबा की..."

"जय!"

मी गल्ल्याच्या मागे उभी होते, दप्तर अजून पाठीवरच. मी पलक, इयत्ता दहावी. माझे दादाजी केवलचंद हे दुकान चाळीस वर्षं चालवतात. ही टाकी मात्र पुनीतकाकाची. त्याला समुद्राचं वेड. जळगावात उन्हाळ्यात माणसं भाजून निघतात, पण काकाच्या माशांना वेगळा एसी आहे. टाकीत मासे दोनच, बाकी सगळी प्रवाळं. दिसतात दगडासारखी, पण जिवंत असतात. अंग वाढवायला त्यांना पाण्यातून कॅल्शियम आणि सोड्यासारखा एक क्षार लागतो. रोज हाताने कोण घालणार? म्हणून कपाटात एक पंप बसवलाय. दोन बाटल्या, दोन बारीक नळ्या. मोबाइलवर वेळ लावून ठेवायची. वेळ झाली की तो घुर्रर्र करून मोजकं औषध टाकीत सोडतो.

आणि समुद्र? तो आमचे निंबानाना बनवतात! नाना दुकानातले सगळ्यात जुने माणूस. दर रविवारी मागच्या अंगणात ड्रममध्ये फिल्टरचं पाणी घेतात, त्यात बादलीमागे मोजून समुद्री मीठ टाकतात आणि काठीने ढवळतात. तेच नाना आता त्याच पाण्याची वाटी कपाळाला लावून पीत होते.

"नाना, अहो मीठ तुम्हीच टाकलंत ना यात?"

"मीठ मी टाकं, पोरी," नाना म्हणाले. "दूध कोनी टाकं?"

आणि वाटी पुन्हा भरायला गेले.

काका सुरतला माल घ्यायला गेला होता. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा दूध आलं. नानांनी पाहिलं, चहाच्या टपरीवर सांगितलं, कुणीतरी व्हिडिओ काढला आणि तिसऱ्या दिवशी हे क्षीरेश्वरबाबा हजर. निळी लुंगी, निळा गॉगल, गळ्यात शिंपल्यांची माळ. बहुतेक कुठल्यातरी सहलीत घेतलेली, कारण एका शिंपल्यावर 'गोवा' लिहिलं होतं.

"समुद्र मुंबई सोडून जळगावला का आला?" बाबा गर्दीला विचारायचे. "कारण मुंबईत नेटवर्क बिझी आहे! इथे भक्तीची रेंज फुल्ल आहे. हा साधा समुद्र नाही बाळांनो, हा क्षीरसागर आहे. याच्या दोन वाट्या रोज घ्या. शुगर पळेल, बीपी पळेल, गुडघे पळतील!"

"गुडघे पळाले तर आपण कशावर चालायचं?" मी विचारलं.

"बठ्ठा गाव देखी ऱ्हायना, तुले एकलीलेच दिसत नही का?" मागून एक आजी डाफरल्या.

मी काकाला फोन केला. "काका, टाकीत पांढरं येतंय."

"किती पांढरं?"

"रांग रस्त्यापर्यंत लागलीय इतकं."

"दुकानात रांग?" काकाचा आवाज एकदम गोड झाला. "मग मी येईपर्यंत कशाला हात लावू नको, राजा."

हे सगळं मला गंमत म्हणून चाललं असतं. पण दादाजींनी गोळ्या सोडल्या. बीपीच्या, सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही. बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता ना! "शेठ, तुमच्या घरी औषधाचा बाप आलाय, आता गोळी कसली?" दादाजी खूश. रोज दोन वाट्या समुद्र प्यायला लागले.

मी बाबांवर पाळत ठेवली. पहिल्या दिवशी ते पाऊण तास मंत्र म्हणत होते, दूध येईना. दुसऱ्या दिवसापासून मात्र बरोबर सव्वासहाला यायचे, पाच मिनिटं मंत्र, आणि दूध हजर. मंत्र म्हणताना त्यांची नजर देवाकडे नाही, घड्याळाकडे असायची. म्हणजे दूध बाबांच्या वेळेवर येत नव्हतं. बाबा दुधाच्या वेळेवर येत होते!

पण दूध कुठून येत होतं?

ते कळलं शाळेत. सायन्सच्या मॅडमनी परीक्षानळीत एक बिनरंगाचं द्रावण घेतलं. त्यात दुसरं बिनरंगाचं ओतलं. खटकन पांढरं फटक! मी बाकावरून इतक्या जोरात उठले की शेजारच्या रूपलची वही खाली पडली.

"काय झालं पलक?"

"मॅडम, हे दूध आमच्या दुकानात रोज निघतं!"

वर्ग हसला. शाळा सुटताच मी दुकानात पळाले. कपाटातल्या दोन्ही बाटल्यांतलं एकेक झाकण औषध स्टीलच्या पेल्यात ओतलं. पांढरं फटक. आणि मग आठवलं.

हा चमत्कार मी केला होता.

झालं असं. आम्ही जैन. घरात चोविहार पाळतात, म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही. काका सुरतला जाताना मला पंपाचं ॲप शिकवत होता. "कॅल्शियम दिवसा, दुसरी बाटली रात्री उशिरा," तो म्हणाला. कारण त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दादीजी शेजारी माळ जपत होत्या. तेवढंच त्यांच्या कानावर पडलं.

"रात्री? आमच्या छपराखाली रात्री कुणी खात नाही. दगडसुद्धा नाही. पलक, त्यांचं जेवण सूर्यास्ताआधी आटप."

काका गेल्यावर मी आटपलं. दोन्ही बाटल्या सहा वीसला लावल्या, एकदमच. म्हटलं, पंगत एकत्र बसू दे बिचाऱ्यांची! शेजारीशेजारी असलेल्या दोन नळ्यांतून दोन औषधं एकाच जागी पडली, एकमेकांना भेटली, आणि त्यांचा खडू झाला. होय, खडू. सगळा जिल्हा खडूच्या दर्शनाला येत होता.

हे मला कळलं त्या दिवशी सूर्यास्त सहा चौतीसला होता. सहा वाजता दादाजी दुकानावरच्या आमच्या घरात आले आणि जिन्यावरच भिंत धरून थांबले. मी त्यांना बसवलं, दंडाला मशीनचा पट्टा गुंडाळला. एकशे चौऱ्याण्णव, खाली एकशे बारा. मी डॉक्टरांना फोन लावला.

"गोळी आत्ता," डॉक्टर म्हणाले. "सूर्य मावळला की ते घेणार नाहीत, मला माहितीये. रात्रभर असंच राहिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डोकं दुखलं, जीभ जड झाली तर सरळ हॉस्पिटल."

"दादाजी, गोळी."

"खाली जाऊन क्षीर घेतो बेटा," दादाजी म्हणाले आणि जिना उतरलेसुद्धा.

मी मोबाइल काढला, सहा वीसचं टायमिंग बंद केलं, गोळीची पट्टी मुठीत धरली आणि त्यांच्या मागे धावले.

सहा वीस. बाबांनी हात वर केले. "ये माते, ये!"

काही नाही.

"येऽऽ माते!"

मासे पोहत होते. पाणी निळंच. सहा बावीसला बाबांनी कपाटाला हळूच पायाने ढकललं. मग गॉगल पुसला आणि गरजले, "इथे कुणीतरी कांदा खाऊन आलंय!"

अख्खी गर्दी खाली बघायला लागली. खानदेशात सप्टेंबरच्या संध्याकाळी कांदा न खाल्लेला माणूस कुठून आणायचा?

"कांदा त मीनी बी खायेल शे," निंबानाना पुटपुटले आणि घाबरून दाराकडे सरकले.

मी स्टुलावर चढले. आवाज खणखणीत निघाला. "बाबा, मी आणू का दूध?"

"पोरी, त्याला बारा वर्षांची साधना लागते!"

मी मोबाइलवर बोट ठेवलं. घुर्रर्र. दूध!

मग जे झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या सुंदरबाईंनी पदर पसरला. "पलकमाता!" कुणीतरी माझ्या बुटाला कपाळ लावलं. एका बाईने रडतं बाळ माझ्या हातात कोंबलं. जामनेरचे आबा विचारायला लागले की त्यांच्या बोअरला पाणी कधी लागेल.

"अहो, मी माता नाही! माझी सहामाही आहे पुढच्या आठवड्यात!"

"पाहिलंत?" बाबा लगेच पुढे झाले. "काल रात्री मीच तिला सिद्धी दिली."

सहा सव्वीस. मी बाळ परत केलं, कपाटातून दोन्ही बाटल्या ओढून काढल्या आणि काचेच्या दोन पेल्यांत ओतल्या. "सुंदरबाई, याच्यात काय दिसतं?"

"पानी."

"आणि याच्यात?"

"पानीच."

"आता ओता एकात एक."

सुंदरबाईंनी ओतलं. पेला पांढरा झाला. त्या किंचाळल्याच, "माय व, माले बी जमनं!"

"सुंदरबाईंना कुणी सिद्धी दिली?" मी विचारलं. लोक हसले, पण एका बाजूचेच. दुसरी बाजू सुंदरबाईंच्या पाया पडायच्या तयारीत होती. मी पटकन आणखी दोन पेले भरले. दोन्हींत पहिल्याच बाटलीतलं. "बाबा, हे घ्या. तुमचे मंत्र, तुमची बारा वर्षं. याचं दूध करून दाखवा."

बाबांनी ओतलं. फुंकलं. शिंपल्यांची माळ बुडवली. पाणी पाणीच राहिलं. आता हसू दोन्हीकडून आलं.

"दोन्ही बाटल्या भेटल्या की त्यांचा खडू होतो," मी ओरडून सांगितलं. "पंपाने त्या वेगवेगळ्या वेळी सोडायच्या असतात. मी मूर्खपणा केला, एकाच वेळी लावल्या. चूक माझी. दगडाच्या चोविहारासाठी!"

गल्ल्याजवळ बसलेल्या दादीजींची माळ थांबली. "म्हणजे... मी सांगितलं म्हणून?"

"हो दादीजी. आणि मी न विचारता केलं म्हणून."

सहा एकोणतीस. पण दादाजी अजून हातात वाटी धरून बसले होते. "खडू तर खडू," ते म्हणाले. "मला बरं वाटतंय ना?"

"तुमचं बीपी एकशे चौऱ्याण्णव आहे, दादाजी!"

"मशीन चुकतं."

मला रडू फुटणार होतं. मग सुचलं, दादाजी कुणाचं ऐकत नाहीत, मापाचं ऐकतात. "निंबानाना, वीस लिटरच्या बादलीला मीठ किती टाकता?"

"एक बादलीमा सातशे ग्राम. मोजी मोजी टाकस मी."

दादाजींच्या भुवया वर गेल्या. चाळीस वर्षं मीटर मोजणारा माणूस तो. ओठ हलायला लागले. "लिटरला पस्तीस... वाटी शंभर मिलीची... दोन वाट्या..." ते थांबले. "रोजचं सात ग्रॅम मीठ? डॉक्टरने मला पापड बंद केलाय!"

त्यांनी वाटीकडे असं बघितलं, जसं खोटी जर लावलेल्या साडीकडे बघतात. वाटी खाली ठेवली आणि हात पुढे केला. "दे."

सहा बत्तीस. मी गोळी दिली. "पाणी!"

आणि दुकानात प्यायचं पाणीच नव्हतं. बाबांच्या आसनाला जागा हवी म्हणून माठ हलवला होता. शंभर माणसं, शंभर बाटल्या, सगळ्यांत समुद्र. प्रत्येकजण मदतीला आपापली बाटली पुढे करत होता.

"शेठ, हे घ्या!"

"मनं घ्या, मनं ताजं शे!"

"नको!" दादाजी गरजले आणि गोळी कोरडीच चावली. त्यांचं तोंड इतकं वाकडं झालं की मला हसू फुटलं, पण ते माझ्या उशिरा लक्षात आलं, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं. समोरच्या इमारतीमागे ऊन संपलं तेव्हा ते अजून जीभ टाळूवर घासत होते.

बाबा कधी सटकले कुणी पाहिलं नाही. रात्री डॉक्टर घरी येऊन बघून गेले. सकाळी मशीनने एकशे अडुसष्ट दाखवलं, आठवड्याने एकशे बेचाळीस. गोळी सुरू आहे, पापड बंद आहे. दुसरी बाटली मी पुन्हा रात्रीला लावली, दादीजींना विचारूनच. त्या टाकीच्या काचेला नाक लावून बघत होत्या. खडूने मिटलेली प्रवाळं चार दिवसांनी हळूहळू उघडत होती.

"खाऊ दे त्यांना रात्री," त्या म्हणाल्या. "नियम मी घेतलाय. त्यांनी कुठे घेतलाय?"

तर वाचकहो, तुमच्या गावात उद्या काहीही पांढरं झालं, हललं, टपकलं, तर हात जोडायच्या आधी एक साधा प्रश्न विचारा: काल काय बदललं होतं? विचारायला बारा वर्षांची साधना लागत नाही. बहुतेक वेळा कुणीतरी कुठलं तरी बटण दाबलेलं असतं, आणि ते माझ्यासारखं स्टुलावर चढून सांगायला लाजत असतं. त्याला सांगू द्या, त्याच्यावर हसा हवं तर. आणि कुठलाही बाबा घरातल्या माणसाची गोळी बंद करायला सांगत असेल, तर त्याचं पुढचं वाक्य ऐकूच नका. गोळी द्या. पाणी साधं द्या.