मला लाकडावर बसवा

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गोड बोलतात. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, सगळ्या कशा समजूतदार. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी एक जुनं होकायंत्र आहे आणि मला राग आलेला आहे. सुरतेच्या एका ट्रकमध्ये मी राहतो, आणि मला नीट जागा मिळावी म्हणून दोन माणसांना मरणाच्या दारापर्यंत जाऊन यावं लागलं. रागावू नको तर काय करू?

माझा जन्म इथून फार दूर, एका थंड बंदरातल्या कारखान्यात झाला. पितळेची वाटी, वर जाड काच, आत थंडीत गोठणार नाही असं पाणी, आणि त्यात तरंगणारी एक तबकडी. तबकडीवर लाल बाण आहे. वाटी कशीही फिरवा, हा बाण उत्तरेकडे तोंड करून उभा राहतो. एवढंच माझं काम. पण ते काम मी मान ताठ ठेवून करतो.

मला एका मोठ्या जहाजाच्या जीवरक्षक होडीसाठी घेतलं होतं. होडीत बसवण्याआधी जहाजावरच्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याने माझ्यासाठी जागा शोधली. इथे ठेवून बघितलं, तिथे ठेवून बघितलं. जवळ लोखंड आलं की माझा बाण ढळतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने स्वतःच्या खिशातला चाकूसुद्धा काढून लांब ठेवला, आणि मग मला लाकडी फळीवर पितळी स्क्रूंनी बसवलं. पुढे एकदा दाट धुक्यात ती होडी खरोखर समुद्रात उतरली. खलाशी माझ्याकडे बघत वल्ही मारत राहिले आणि किनाऱ्याला लागले. त्या दिवशी त्यांनी माझ्या काचेवर ओठ टेकले होते. तो मान मी अजून विसरलेलो नाही.

जहाज म्हातारं झालं, तेव्हा ते भावनगरजवळ अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला आणलं. ज्या जहाजाने इतके समुद्र पाहिले, त्याचे तुकडे करून पत्रे विकले. मी रस्त्याकडेच्या एका दुकानात कपबश्या आणि नारिंगी जाकिटांच्या मध्ये धूळ खात पडलो. गिऱ्हाईक यायचं, मला हलवायचं, बाण हलतो का बघून हसायचं आणि परत ठेवून द्यायचं. मी काय खुळखुळा होतो?

तिथून मला वाल्मिकने उचललं. वाल्मिक मूळचा साक्रीकडचा. आईबरोबर सुरतेला आला, काही वर्षं कापडाच्या लूमवर काढली, मग गाडी शिकला आणि शेवटी स्वतःचा ट्रक घेतला. राहायला सुरतेतच, कोसाडला. त्याच्या बायकोचा भाऊ दत्तू हा त्याचा जोडीदार ड्रायव्हर. दोघं भावनगरला कापडाच्या गाठी टाकून परत निघाले होते. दुकानदाराने सांगितलं की लाल काटा उत्तर दाखवतो, जहाज यावरच चालतं. वाल्मिकला ते फार आवडलं. वाटभर तो मला मांडीवर घेऊन बसला होता आणि दत्तू गाडी चालवत होता. हा माणूस मला नीट ठेवेल, असं तेव्हा मला वाटलं होतं.

कोसाडला गाडी लागली आणि मला कुठे बसवायचं यावर अख्खी गल्ली बोलू लागली. शेजारचा निंबा, ज्याचा स्वतःचाही ट्रक होता, म्हणाला की टेपच्या स्पीकरवर बसवा, दिसायला छान दिसेल. स्पीकरच्या पोटात हे एवढं चुंबक असतं! दुसरा कोणी म्हणाला, इंजिनाच्या झाकणावर. माझ्या मनात आलं, एकदाचं चुलीतच घाला ना. एकानेही मला चार जागी ठेवून, बाण कुठे शांत राहतो ते बघितलं नाही. शेवटी वाल्मिकची आई, धुरपदाबाई, पुढे आली. जी वस्तू वाट दाखवते ती देवीच्या पायाशीच पाहिजे, असं तिने सांगितलं. आणि तेच ठरलं.

ट्रकच्या समोरच्या पत्र्यावर, काचेच्या आत, सप्तशृंगी देवीची एक लहान मूर्ती होती. वाल्मिकने ती गडाच्या पायथ्याशी नांदुरीला घेतली होती. खड्ड्यात गाडी आदळली तरी मूर्ती पडू नये म्हणून तिच्या तळाला चुंबक लावलेलं होतं. आता कळलं तुम्हाला? मला त्या चुंबकाला खेटून बसवलं, तेही लोखंडी पट्टीने आवळून. देवीवर माझा काडीचाही राग नाही. ती बिचारी आपल्या जागी बसलेली होती. माझा राग आहे तो बसवणाऱ्यांवर.

कल्पना करा, कोणीतरी तुमचं डोकं दोन्ही हातांनी धरून एकाच बाजूला वळवून ठेवलं आहे, आणि वर सगळे म्हणताहेत, बघा किती भक्तिभावाने बघतो. माझं तसंच झालं. गाडी अमरोलीकडे वळो की कतारगामकडे, माझा लाल बाण देवीकडेच. धुरपदाबाई एकदा शेजारणीला घेऊन गाडीत बसली होती. तिच्या हे लक्षात आलं आणि तिने हात जोडले.

"दखा रे, काटा देवीना पाय सोडस नही," ती म्हणाली.

झालं! त्या दिवसापासून मी होकायंत्र उरलो नाही, चमत्कार झालो. कामरेजच्या नाक्यावर गाडी थांबली की दुसरे ड्रायव्हर मला बघायला चढायचे. माझ्यावर नारळाचं पाणी शिंपडलं जायचं, काचेवर उदबत्तीचं काजळ बसायचं. काटा देवीपाशी आहे तोवर वाल्मिकची गाडी वाट चुकायची नाही, असं सगळे म्हणू लागले. हमरस्त्यावर वाट चुकतं कोण? जागोजागी पाट्या, नाहीतर धाब्यावर विचारायचं. पण श्रेय मला मिळत होतं, आणि खोट्या कामाचं श्रेय मला जिवंतपणी गाडल्यासारखं वाटत होतं. निंबा तर एवढा भारावला की अलंगला जाऊन दुसरं होकायंत्र घेऊन आला. ते माझ्याच जहाजावरच्या दुसऱ्या होडीतलं, म्हणजे माझा भाऊच. त्यालाही निंबाने आपल्या गाडीतल्या, तशाच चुंबक लावलेल्या देवीच्या पायाशी आवळून टाकलं.

मग तो उन्हाळा आला. कापड रंगवणाऱ्या मिलांना मीठ लागतं, आणि ते आणायला वाल्मिक आणि दत्तू खाराघोड्याला गेले. तिथून पुढे कच्छचं छोटं रण सुरू होतं. रणात रस्ता नसतो. सपाट, भेगाळलेली माती, आणि आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या, त्याच वाटा. त्या दिवशी पार आतल्या आगरातून मीठ भरायचं होतं. सकाळी पाठीवर ऊन घेत दोघं आत शिरले. दुपारी वावटळ उठली, चाकोऱ्या धुळीने भरून गेल्या आणि सूर्य दिसेनासा झाला.

दत्तूने थांबायला सांगितलं. वाल्मिकने माझ्याकडे बोट केलं. काटा देवीपाशी आहे, म्हणजे वाट बरोबर आहे, असं म्हणून त्याने गाडी चालूच ठेवली. मित्रांनो, मी आतून ओरडत होतो. मला तोंड नाही, मला फक्त एक बाण आहे, आणि तोच बाण त्यांनी बांधून ठेवला होता. चिखलाची जागा चुकवत गाडी वळत होती, पुन्हा वळत होती, आणि प्रत्येक वळणानंतर वाल्मिक माझ्याकडे बघून निश्चिंत होत होता. बऱ्याच वेळाने पुढे चाकांच्या ताज्या खुणा दिसल्या. दोघांना आनंद झाला. दत्तू उतरून बघायला गेला आणि खाली मान घालून परत आला. त्या खुणा त्यांच्याच गाडीच्या होत्या.

तोवर कॅनमधलं पाणी तळाला गेलं होतं. गाडी तापली म्हणून अर्धं तिलाच पाजावं लागलं होतं. ओठ फुटले होते. दूर धुळीत झोपडीसारखं काही दिसायचं आणि जवळ गेलं की विरून जायचं. शेवटी गाडी तिथेच सोडून पायी निघायचं ठरलं. कुठल्या दिशेने, ते दोघांनाही माहीत नव्हतं. तसे निघाले असते तर त्यांची हाडंच सापडली असती, आणि लोकांनी ते माझ्या माथी मारलं असतं.

दत्तू खाली उतरला. वाल्मिक मात्र बसूनच राहिला.

"देवीले अठे सोडीसन मी जावाव नही," तो म्हणाला.

त्याने दोन्ही हातांनी मूर्ती पत्र्यावरून उपटली, छातीशी धरली आणि दार उघडून तो उतरला. त्या क्षणी माझी मान सुटली. इतक्या महिन्यांनी माझा बाण गर्रकन फिरला, डुलला आणि उभा राहिला. वाल्मिक पाठमोरा होता. दत्तू कॅन घ्यायला आत वाकला होता, त्याने मला पाहिलं.

"दाजी, काटा फिरना," फिरलेल्या काट्याकडे बोट करत तो म्हणाला.

वाल्मिक मूर्ती घेऊन परत आला तसा बाण तिच्याकडे ओढला गेला. तो लांब गेला, बाण सरळ झाला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मूर्तीच्या तळाचं चुंबकच काटा ओढतंय, हे दोघांच्याही लक्षात आलं. दत्तूने पान्ह्याने माझी पट्टी सोडवली, मला गाडीपासून बरंच दूर नेलं आणि जमिनीवर ठेवलं. तिथे ना पत्रा, ना चुंबक. मी अगदी स्वच्छ उत्तर दाखवली. सकाळी आत शिरताना ऊन पाठीवर होतं, तेव्हा बाहेर पडायला पूर्वेकडे जायला हवं, एवढं दोघांनाही कळत होतं. थोडं अंतर गाडी चालवायची, थांबायचं, दत्तूने मला घेऊन दूर पळत जायचं, जमिनीवर ठेवून बघायचं, पुन्हा गाडी. वाल्मिकच्या मांडीवर देवी होती. दिवस मावळता मावळता मिठाचे ढीग दिसले, मग एक झोपडी आणि तिच्या दारातलं पाण्याचं पिंप. दोघं ते पाणी पीत असताना मला दत्तूने सदऱ्याच्या टोकाने पुसलं. किती दिवसांनी कोणी माझी काच पुसली होती.

परत आल्यावर ते मला कामरेजला काशिनाथ मिस्त्रीकडे घेऊन गेले. काशिनाथ ट्रकच्या लाकडी केबिन बांधतो. या वेळी मात्र जागा शोधली. स्पीकरजवळ ठेवलं, बाण पळाला. वायपरच्या मोटरीजवळ ठेवलं, बाण थरथरला. दारापाशी ठेवलं, दार लावताच ढळला. मग समोरच्या काचेच्या वर, केबिनच्या मधल्या लाकडी फळीवर धरलं, आणि बाण शांत झाला. काशिनाथ हातोडी घेऊन जवळ आला तेव्हा बाण हलला, तशी त्याने हातोडी बाहेर ठेवून दिली. मला तो जहाजावरचा म्हातारा आठवला. पितळी स्क्रू लावून झाल्यावर वाल्मिकने मोकळ्या जागेत गाडी गोल फिरवून बघितली. मी चुकलो नाही. देवी आपल्या जुन्या जागी खाली, मी वर. दोघांनाही मोकळा श्वास.

आता तरी माझं कौतुक झालं असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! कोसाडला लोक काटा बघायला चढले आणि तोंड वाकडं करून उतरले. काटा आता देवीकडे बघत नाही, म्हणजे त्याचं सत्त्व गेलं, असं गल्लीभर झालं. मी खोटं बोलत होतो तेव्हा नारळ, आणि खरं बोलायला लागलो तर बिघडलो! धुरपदाबाईला फार लागलं. मला पुन्हा खाली बसवायला तिने लेकाला सांगितलं. वाल्मिकने आईला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. तो तिच्यापाशी बसला.

"माय, देवीनी त्याले सोडं, तवय आम्ही घर उनूत," तो म्हणाला.

देवीनेच काट्याला सोडलं तेव्हा लेक घरी आला, हे म्हातारीला पटलं. पण गल्ली बोलत राहिली, आणि वाल्मिकने लोकांशी वाद घालणं सोडून दिलं. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. कारण निंबा अजून तसाच हिंडत होता.

परवा सकाळी कामरेजच्या नाक्यावर आमच्या शेजारी निंबाची गाडी उभी राहिली. इंजिन चालूच होतं, निंबा स्टिअरिंगवरच बसलेला. काचेतून मला माझा भाऊ दिसला, मान पिळलेला, हळदीने माखलेला. निंबा मीठ भरायला रणात निघाला होता. वाल्मिकने खाली उतरून त्याला बजावलं, काटा वर लाकडावर बसव, मगच जा. निंबा हसला.

"तुना काटानं सत्त्व गयं, मना शाबूत शे," तो म्हणाला.

आजूबाजूचे ड्रायव्हरही हसले. वाल्मिक खाली मान घालून परत येईल असं मला वाटलं, आणि मी मनात त्याला शिव्या घातल्या. तो परत आला नाही. त्याने चपला काढल्या, निंबाच्या गाडीत चढला, देवीपुढे डोकं टेकवलं, आणि सगळ्यांदेखत मूर्ती दोन्ही हातांनी उचलून लांब धरली.

"आते दख," तो म्हणाला.

माझा भाऊ फिरला. डुलला, आणि मी जिकडे बघत होतो, जवळजवळ तिकडेच तोंड करून उभा राहिला. निंबाने त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या गाडीत वर माझ्याकडे पाहिलं, आणि हात लांब करून आपलं इंजिन बंद केलं.

मित्रांनो, घरात एखादी वस्तू आणलीत तर तिचं काम काय आणि तिला त्यासाठी कुठे बसावं लागतं, एवढं आधी बघा. मान नंतर द्या, नाही दिलात तरी चालेल. मला हार नको, नारळ नको. मला लाकडावर बसवा, माझी काच पुसा, आणि मी दाखवतो तिकडे बघा.