हाकेला ओ देणारं यंत्र

लग्न होऊन मी साताऱ्याहून सांगलीला आले तेव्हा माझ्या सासूबाईंच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधला खटखटाट ओसरत चालला होता. सत्त्याण्णव साल होतं. आईंना, म्हणजे शकुंतलाबाईंना, गाव 'टायपिंगच्या बाई' म्हणूनच ओळखायचं. त्यांच्यासोबत कचेरीत किंवा बँकेत गेलं की कुणीतरी खुर्चीवरून उठायचं आणि सांगायचं, "बाई, मी तुमच्याकडेच शिकलो." पण आता मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली होती, आणि आमच्या हॉलमधल्या मशिनींवर दुपारीसुद्धा कव्हरं असायची.

म्हणून आईंनी कॉम्प्युटर घेतला. मी साताऱ्याला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. मी त्यांना शिकवायचं आणि त्यांनी मुलांना, असं ठरलं.

अडलं ते माऊसवर. आईंचा उजवा हात काही वर्षांपासून थरथरायचा. डॉक्टर म्हणाले होते की याची भीती बाळगू नका, पण हे जाणारही नाही. चहाचा कप त्या दोन्ही हातांनी धरायच्या. माऊस काही दोन्ही हातांनी धरता येत नाही. पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा नाचायचा. चित्रावर दोनदा टिचकी मारायला जावं तर चित्रच उचललं जाऊन भलतीकडे पडायचं. आठवडाभर त्यांनी नेट लावला. मग एका दुपारी माऊस बाजूला सारला आणि म्हणाल्या, "ऋचा, हे यंत्र माझ्यासाठी नाही. तू शिकव. मी आपली जुन्या मशिनी सांभाळते."

त्यांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना एक पत्र टाइप करून मागितलं. पत्राचा प्रोग्रॅम मीच उघडून दिला. त्या बसल्या, बोटं कळफलकाच्या मधल्या ओळीवर टेकली आणि थरथर थांबली. तीस वर्षांची सवय होती ती. पानभर पत्र एकही चूक न करता झालं. मी मागे उभी राहून बघत होते, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की अडतंय ते फक्त प्रोग्रॅम उघडण्यापाशी. एकदा तो उघडला की पुढचं राज्य बाईंचंच.

विंडोजमध्ये नाव टाइप करून प्रोग्रॅम उघडायची सोय होतीच, पण ती मेनूच्या आत दडलेली, आणि तिथे लागणारी नावं विचित्र. कुणी ती पाठ करायची? मी व्हिज्युअल बेसिकमध्ये माझा स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तीन बटणं एकदम दाबायची, एक लहानशी चौकट समोर येते. तिच्यात आपण ठेवलेलं नाव लिहायचं, एंटर दाबायचं, हवा तो प्रोग्रॅम हजर. सुरुवातीला कॉम्प्युटर सारखा अडकायचा. सुमंत, माझा नवरा, कराडहून ड्यूटी करून आला की मी त्याला ताट वाढून परत टेबलाशी. जेवून तो ताट धुऊन ठेवायचा.

जमलं तेव्हा मी आईंना हाताला धरून आणलं. "याचं नाव हाक," मी म्हटलं. "पत्र हवं असेल तर इंग्रजी अक्षरांत 'पत्र' लिहा."

त्यांनी लिहिलं. पत्राचा प्रोग्रॅम उघडला. त्यांनी तो बंद केला आणि पुन्हा लिहिलं. पुन्हा उघडला. मग हिशेबाचा, मग चित्रांचा. संध्याकाळी पाणी भरायची वेळ झाली तरी त्या उठल्या नाहीत.

पावसाळा सरता सरता तासगावहून निरोप आला. तिथल्या बेदाणा उत्पादकांच्या संस्थेनं ऑफिसात कॉम्प्युटर आणले होते आणि कारकुनांना शिकवायला कुणीतरी हवं होतं. पुण्याची एक कंपनी येणार होती, आम्हालाही बोलावलं होतं. दोघांनी शिकवून दाखवायचं, आणि कारकून सांगतील ते खरं, असं चेअरमन जोतीराम अण्णांनी ठरवलं होतं.

एसटीनं आम्ही पोचलो तेव्हा हॉल भरला होता. पुण्याच्या कंपनीकडून विश्वजित नावाचा तरुण आला होता. हुशार आणि बोलायला गोड. त्याने माऊस समजावून सांगितला आणि नानासो नावाच्या जुन्या कारकुनाला पुढे बसवलं. नानासोंनी माऊस पुढे ढकलला, आणखी ढकलला, आणि टेबलाच्या कडेला येऊन थांबले.

"आवं साहेब, टेबल सपलं. आता कुटं न्हेऊ ह्याला?"

हॉल हसला. विश्वजितही हसला आणि माऊस उचलून परत अलीकडे कसा ठेवायचा ते त्याने दाखवलं. पण नानासोंचे कान लाल झाले होते. ते जागेवर जाऊन बसले.

मग आई उठल्या. खुर्ची ओढताना त्यांचा हात थरथरला, आणि मागून कुणीतरी कुजबुजलं, "ह्या काय शिकवणार?" मी ऐकलं. आईंनीही ऐकलं असणार. मी फ्लॉपी घालून प्रोग्रॅम चढवला. आईंनी तीन बटणं दाबली, 'पत्र' लिहिलं, एंटर मारलं.

काहीच उघडलं नाही. पडद्यावर आलं की हा प्रोग्रॅम सापडत नाही.

 या कॉम्प्युटरवर सगळं वेगळ्या ठिकाणी ठेवलेलं होतं. ते कुठे आहे हे हाकेला सांगायला हवं होतं, आणि मलाच ते ठाऊक नव्हतं. त्या सकाळी मशीन विश्वजितनेच लावलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो पुढे आला. "बाई, मी पत्ता सांगतो, तुम्ही लिहा. डी, कोलन, उलटी तिरकी रेघ..."

तो बोलत गेला आणि आईंची बोटं चालत गेली. नजर पडद्यावर, हात स्थिर. त्याचा शब्द तोंडातून सुटायचा आणि पडद्यावर उमटलेला असायचा. पत्ता लांबलचक होता. तरी एकही अक्षर चुकलं नाही.

आई कारकुनांकडे वळल्या. "आता याला नाव ठेवायचंय. तुम्हीच सांगा."

 मंगल नावाची एक तरुण कारकून उठली. माणकड गावची होती, आवाज खणखणीत. "चिठ्ठी म्हणा की बाई. आमी चिठ्ठीच म्हणतो."

आईंनी 'चिठ्ठी' लिहून एंटर दाबलं. कोरं पान उघडलं. मग विश्वजितने हिशेबाच्या प्रोग्रॅमचा पत्ता सांगितला आणि आईंनी तोही लिहिला.

"आणि हिशेबाला?"

"आकडा," नानासो बसल्या जागेवरून म्हणाले.

"मग या, तुम्हीच लिहा."

नानासो आले. टायपिंग त्यांना येतच होतं, चांगलं येत होतं. बोटं ठेवली आणि पाठ ताठ झाली. त्यांनी 'आकडा' लिहिलं आणि एंटर दाबून हात मांडीवर घेतले. रकान्यांचा पांढरा तक्ता पडदाभर पसरला. नानासो त्याच्याकडे बघतच राहिले.

"मी बोलावलं आन् आलं हे," ते हळूच म्हणाले. मग मागे वळून मोठ्यानं, "गड्यांनो, लय सोपं हाय. या रं."

खुर्च्या सरकल्या. टेबलाभोवती गर्दी झाली. मंगलने आल्या आल्या माझ्या नाकासमोरून कळफलक ओढला. अण्णांना कुणाला काही विचारावं लागलं नाही.

निघताना विश्वजितने माझ्याकडे एक फ्लॉपी मागितली. त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डावा हात तेवढा चालत होता. मी त्याला दोन दिल्या.

दसऱ्यानंतर तासगावचा वर्ग सुरू झाला. तिसऱ्या दिवशी जोतीराम अण्णा स्वतः आले आणि कोपऱ्यातल्या मशीनवर बसले. आई रांगेतून फिरत फिरत त्यांच्यापाशी थांबल्या. सगळे कारकून बघत होते.

"अण्णा, मनगट उचला," आई म्हणाल्या. "आणि खाली बघायचं नाही."

अण्णांनी मनगट उचललं.