उदुंबराला सांगायचं राहून गेलं

मार्गशीर्षातली ती दुपार धुक्याने गिळली होती. चिखलदऱ्याच्या कड्यांवरून ते धूसर, धवल, निःशब्द धुकं वर चढलं. सागाच्या पानांवरून, कॉफीच्या आरक्त फळांवरून, शेवाळल्या कौलांवरून ओघळत ओघळत खिडकीच्या काचांपाशी येऊन थांबलं. जणू आत कोण कोण आहे, ते पाहत.

आत तिघं होती. हेमांगी, पुष्कर आणि शाल्मली. अमरावतीच्या कॉलेजात जुळलेली, पुढे नोकऱ्यांनी पांगलेली. दर हिवाळ्यात पुष्करच्या मावशीच्या या घरी ती जमत आणि खेळत. कथेचा खेळ. हेमांगी कथा सांगायची, बाकीचे त्या कथेतला एकेक जीव व्हायचे, आणि जिथे प्राण पणाला लागत, तिथे वीस पैलूंचा फासा निर्णय द्यायचा.

पूर्वी ती चौघं होती. चौथा सौमित्र. दोन पावसाळ्यांपूर्वी तो तापाने गेला. आजाराचं नाव कळेपर्यंत माणूस उरला नव्हता.

खेळातला त्याचा जीव होता उदुंबर. पर्वतपुत्र उदुंबर, विशालस्कंध उदुंबर, मेघगर्जनेसारखं हसणारा आणि गुडघाभर पाण्यालाही भिणारा उदुंबर. सौमित्र गेल्यावर त्याचं काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. "तो उत्तरेच्या खिंडीत गेलाय. येईल," एवढंच हेमांगी म्हणाली होती. बाकी दोघांनी मान डोलावली होती. उदुंबराला मारायची हिंमत एकाचीही झाली नव्हती.

आणि त्या दुपारी नीलवेणा मेली.

नीलवेणा शाल्मलीची. नीलकुंतला, मौनप्रिया, अचूकशरा धनुर्धारिणी. कितीतरी वर्षं शाल्मलीने तिला आपल्या श्वासात वाढवलं होतं. सोबत्यांना पलीकडे जाऊ देण्यासाठी भग्न सेतूवर ती एकटी मागे राहिली. फासा गडगडला, थरथरला, थबकला. वरच्या पैलूवर एक. सर्वांत क्षीण, सर्वांत क्रूर अंक.

हेमांगीने कथा पुढे नेली. "शत्रूचा बाण तिच्या कंठात रुततो. नीलवेणा गुडघ्यांवर येते. आणि संपते."

पुष्कर हसला, जरा घाईनेच. त्याचा मेधाव्रत वैद्य होता, मृतांना माघारी बोलावण्याची विद्या जाणणारा. "घाबरू नकोस गं. मी उठवतो तिला. मंत्र म्हणतो."

हेमांगीलाही हायसं वाटलं. नियम एकच होता: आत्म्याने स्वतः होकार दिला, तरच देह उठायचा. "शाल्मली," ती म्हणाली, "नीलवेणेला हाक ऐकू येते. येतेस ना परत?"

शाल्मलीचे डोळे मिटलेले होते. काचेवर धुक्याचा एक थेंब घरंगळला, मागोमाग दुसरा.

"नाही," ती म्हणाली.

आवाज तिचाच होता. पण ओल्या, काळोख्या पाषाणांवरून चालत आल्यासारखा.

"इथे नदी आहे. काळी. वाहते, पण तिला आवाज नाही. तारे वर नाहीत, पाण्याखाली आहेत. पलीकडे पांढरं गवत आहे. वारा नसताना हलतंय."

हेमांगीच्या बोटांतून पेन गळून पडलं. ती नदी तिची होती. मृतांचा तो तीर तिने मनातल्या मनात रचला होता. तिच्या कथेत आजवर कुणी मेलंच नव्हतं, म्हणून तो उच्चारायची वेळ आली नव्हती. फक्त एकदा, फोनवर, बोलण्याच्या भरात तिने तो एकाला वर्णन करून सांगितला होता. सौमित्रला.

"तीरावर कुणीतरी बसलंय," शाल्मली सांगत होती. "पाय पाण्यापासून आखडून घेतलेत. उदुंबर आहे."

"पुरे, शाल्मली," पुष्कर म्हणाला.

"तो विचारतोय, खिंडीतून परतायची वाट कुठली. आपण सगळे कुठे थांबलोय. त्याला माहीत नाही रे, पुष्कर. त्याला कुणी सांगितलंच नाही."

खोलीतला उजेड राखेसारखा झाला. भिंती राखाडी, चेहरे राखाडी, चहाच्या कपांतला गार चहाही राखाडी. बाहेर धुकं होतं आणि धुक्यापलीकडे धुकं होतं.

"मग तू तरी ये!" पुष्करचा आवाज फाटला. "तुलाही तिथेच सोडू का? एक गेला तेवढा पुरे नाही झाला?"

"त्याला पाण्याची भीती वाटते. एकटा नाही उतरणार तो. मी हात धरीन त्याचा." शाल्मली म्हणाली. "पण आधी त्याला कळायला हवं. ते माझ्या हातात नाही. कथा हेमांगी सांगते."

हेमांगीने पडलेलं पेन उचललं. मग कथा सांगायच्या त्या संथ, गंभीर स्वरात ती म्हणाली, "उदुंबर मेला."

पुष्करने फासा मुठीत धरला.

"उदुंबर मेला. दोन पावसाळ्यांपूर्वी, तापाने मेला. आम्ही कुणीच जवळ नव्हतो." अश्रू तिच्या हनुवटीपर्यंत आले, तिने ते पुसले नाहीत. "नीलवेणा त्याला हे सांगते. तो ऐकतो. मग उठतो, आणि हात पुढे करतो."

दोघीही पुष्करकडे वळल्या नाहीत. वाट मात्र त्याचीच पाहत राहिल्या.

"मेधाव्रत मंत्र थांबवतो," अखेर तो म्हणाला, आणि हुंदका त्याच्या छातीतून असा निघाला, की जणू तोही त्या खिंडीत अडकून पडला होता.

शाल्मलीने डोळे उघडले. पुष्करने तिचे हात हातांत घेतले. ते बर्फगार होते, मनगटांपर्यंत ओले होते. घाम असेल, असं कुणीही म्हणालं नाही.

"त्या नदीचं तुला सौमित्रने सांगितलं होतं का?" हेमांगीने विचारलं.

"नाही गं. बोलत गेले, तसतसं दिसत गेलं."

संध्याछाया उतरताना तिघं कड्यावर आली. या दरीत दिलेली हाक माघारी येते. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. सहलीला आलेली पोरं दिवसभर आपापली नावं ओरडून ती परत घेत असतात.

पुष्करने ओठांभोवती हात धरले. "सौमित्र!"

हाक गेली. धुक्यातून गेली, कड्यावरून गेली, नीलगहन, निस्तल, निःशब्द खोलात उतरत गेली. तिघं कान देऊन उभी राहिली. सागाचं पानही हललं नाही.

आणि दरीने, त्या एका संध्याकाळी, ते नाव ठेवून घेतलं.